सायलीला कोणी विचारायचं

१९ जुलै २००८
पुण्याला जाऊन आलो. कासार आंबोलीतून निघालो तेव्हा पाऊस, पोचलो तेव्हा ऊन. छत्री कॉलेजातच विसरली.

मेडिकल कॉलेजच्या डॉ. रजनी मॅडमनी बोलावलं होतं. माणसांवर संशोधन करायचं तर आधी एक समिती ते तपासते — कुणाला त्रास तर होणार नाही ना. समितीत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि बाहेरचा एक साधा माणूस लागतो. तो मी. पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअरला आयुष्य गेलं, मला काय कळतं? मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नाही तर आम्हीच नीट लिहिलेलं नाही."

आजचा विषय — मुळशीत ज्या घरांत परवान्याचं पिस्तूल किंवा बंदूक आहे, तिथं माणसं मरू नयेत म्हणून काय करायचं. क्षितिजा नावाची मुलगी काम करणार. जिथे माणूस गेलं आहे त्या घरी जाऊन विचारणार, काय झालं, कसं झालं.

मी सांगितलं, माझ्या घरात झालं आहे. माझा मुलगा, सौरभ. गेल्या खंडेनवमीला.

अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला मत देता येणार नाही, पण बोला.

"कुणाचं दार वाजवू नका," एवढंच बोललो.

२० जुलै
क्षितिजाचं कालचं वाक्य डोक्यातून जात नाही. "नको असं त्या लोकांनी सांगितलंय काका, की तुम्हीच सांगताय?" एवढीशी पोरगी!

२ ऑगस्ट
चुलतभाऊ गेणबा रस्त्यात भेटला. "काय गड्या, म्हातारपणी कालेज? डबा कोन देतंय?" हसलो. मग जवळ येऊन हळूच — "आमच्याकडं येतील का रं त्ये? माजं लायसन हाय. कपाट उघडून दावनार न्हाई मी कुनाला."

शर्टाखाली कमरेला फुगवटा होता. पिस्तूल, जमीन विकली तेव्हा घेतलेलं. सौरभनेही तेव्हाच घेतलं. दोघं एकाच गाडीवरून अर्ज द्यायला गेले होते.

खंडेनवमीच्या त्या दिवशी पाटावर पूजेला कोयता, विळा, गाडीची किल्ली मांडली होती. पिस्तूल तेवढं कपाटातून काढायचं होतं. मी झेंडू आणायला पौडला गेलो. घरात सौरभ आणि त्याची बायको सायली, दोघंच. परत आलो तर दारात माणसं.

पोलिसांत अपघात लिहिलं आहे. सुनेला मी काही विचारलं नाही. तिला पुन्हा तोच त्रास कशाला? समोरासमोर बसून जेवतो. भाजी बरी झाली म्हणतो.

९ ऑगस्ट
दुसरी मीटिंग. मी दोन अटी सांगितल्या. एक, दार वाजवायचं नाही. आरोग्य केंद्रात फोन नंबर लावायचा, ज्याला बोलायचं तो फोन करील. दोन, बोलणाऱ्याच्या जवळपास घरचं कुणी नको. "सून सासऱ्यासमोर काय बोलणार? त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देईल." वकीलबाईंनी मान डोलावली. दोन्ही अटी मान्य झाल्या.

बरं वाटलं. फोन कुणी करत नाही, मला माहीत आहे.

छत्री मिळाली.

१५ सप्टेंबर
काही नाही. पाय दुखतो.

८ ऑक्टोबर
खंडेनवमी. तिथी तीच, म्हणून वर्षश्राद्धही आजच. भटजी येऊन गेले. पाट माळ्यावरून काढला नाही.

शेजारच्या चंद्राबाई भिंतीपलीकडून — "भावजी, सायली लई वाळली. चार शब्द बोलंना कुनाशी."

म्हटलं, होईल सवय.

"व्हय? आन् तुमाला झाली का?"

घरात आलो. सायली केळीची पानं उचलत होती. काही तरी बोलावंसं वाटलं. दूध आलं का, एवढंच विचारलं.

१ नोव्हेंबर
सकाळी क्षितिजा दारात! मला रागच आला. "दार वाजवायचं नाही असं ठरलं होतं ना?"

आतून सायली आली, ओढणीला हात पुसत. "आबा, फोन मी केलाता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलंच न्हाई."

चंद्राबाईंच्या घरी बसा दोघी, तिथे निवांत बोलता येईल, असं म्हणून बघितलं.

"न्हाई आबा. हितंच झालं, हितंच सांगते."

क्षितिजा खाली बघत होती. दोघी मी बाहेर जायची वाट बघत होत्या.

मागच्या दारी गेलो. दार ओढून घेतलं. सकाळची भांडी तशीच पडली होती. आतलं ऐकू येऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला, आणि घासायला बसलो.