कोरड्या फांदीवरचे कोळी

सगाडा, १४ मार्च

प्रिय दादा, मानोंग हिलारियो,

इकडे सगळं ठीक. आमांचा खोकला आहे तसाच, म्हाताऱ्या बापाला जपावंच लागतं. खारवलेलं डुकराचं मांस चुलीवर टांगलंय, तुझा वाटा काढून ठेवलाय. बागियोतली थंडी सरली का?

तुझा निरोप पोचला. रविवारी माणसं घेऊन येणार, आपल्या कुळाचं पाइनचं रान झाडून लख्ख करणार आणि मनिलाच्या पाहुण्यांसाठी तंबू ठोकणार म्हणे. वाळक्या फांद्या तोडा, मेलेली झाडं पाडा, खालचा पाला उचला, कोळी बघून पाहुणे किंचाळतात. वाचून अशी तिडीक आली की काय सांगू.

अरे, कोळ्यांच्या झुंजी लावण्यात तू गावात पहिला. काडेपेटीत पुठ्ठ्याचे कप्पे करून पाळायचास. भांडखोर कोळी कुठे मिळतो हे मला कोणी शिकवलं? "फेलिसा, उजाडायच्या आत चल, खालच्या वाळक्या फांदीच्या टोकाला बघ." सालीखालचा चपटा कोळी झुंजत नाही, पाल्यातला पळपुट्या जाळंच विणत नाही, शेंड्याच्या पानांतला हिरवा तर डोळ्यांना दिसतही नाही, ही सगळी तुझीच शिकवण. आणि आता म्हणतोस, "आठ पाय आहेत त्यांना, जातील दुसरीकडे." कुठे जातील? सालीखालच्याला पानांच्या सुयांवर राहता येत नाही, हे तुला माहीत नाही असं निदान मला तरी सांगू नकोस.

गेल्या आठवड्यात तुझ्या दोन माणसांनी ओढ्याकडचा तुकडा खरवडून काढला. आमा बघायला गेले. वाटेवर जाळं आडवं आलं की ते मोडत नाहीत, वाकून खालून जातात. हल्ली कंबर वाकत नाही, म्हणून वळसा घालतात. तिथे वळसा घालावा असं काही उरलंच नव्हतं. सरळ चालत गेले आणि मधोमध उभे राहिले. घरी येऊन जेवले नाहीत. खोकला आहे तसाच, असं वर लिहिलं ते खोटं आहे. त्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलंय.

काल म्हातारी मंडळी दाप-आयवर, गावच्या बैठकीच्या दगडांवर, शेकोटीभोवती जमली. आमांना उचलून नेलं. रानाची राखणदारी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाते, तेव्हा ती तुझीच, असं सगळे धरूनच बसले होते. आमा म्हणाले, "फेलिसा राखेल."

त्या मंडळींतले आपो माटेओ हसले. "बाईमाणूस? या दगडांवर बाई बसत नाही."

मी म्हटलं, "बसायचंय कुणाला आपो? राखणदाराला उभंच राहावं लागतं."

आपो माटेओंनी शेकोटीत लाकूड सारलं आणि मान डोलावली.

तेव्हा ऐक. आपल्यात 'इनायान' म्हटलं की हात थांबतात, कारण विचारायचं नसतं. आजवर तूच मला म्हणत आलास. झाडावर चढू नको, इनायान. थोरल्यांपुढे तोंड उघडू नको, इनायान. आज मी म्हणते. या रानाला हात लावू नकोस, मानोंग. इनायान.

रविवारी मात्र ये. माणसं आणि दंताळी बागियोलाच ठेव. आमा दारात पाऊल वाजलं की तुझं नाव घेतात. रानातून ये, मी वाटेवर उभी असेन. जाळं आडवं आलं तर वाक, तुझी कंबर अजून धड आहे.

तुझी धाकटी बहीण,
आणि या रानाची राखणदार,
फेलिसा