तोल कानाचा, आळ दारूचा

मी, सॉ एबेनेझर, वय वर्षे अठ्ठावन्न, पूर्वीचा धंदा डायव्हिंग, राहणार मायाबंदरजवळचे, ब्रह्मदेशातून आलेल्या आम्हा कारेन लोकांचे गाव, उत्तर अंदमान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. तोल शाबूत नाही. तो कानाचा दोष आहे, डोक्याचा नाही; कोर्टाने ही दोन वेगळी धरावीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र रद्द होते असा कायदा असेल तर दाखवावा.

१. राहते घर, त्याखालची जमीन व मागची सुपारीची बाग माझी पत्नी नॉ हेसेल हिला, आणि तिच्या पश्चात मुलगी नॉ मिरियम हिला. मिरियमही डायव्हर आहे, माझ्याहून चांगली. गेल्या हंगामात तिला सर्दी झाली असताना डायव्हिंग केंद्रावरून सांगण्यात आले, "उतर, नाहीतर घरी जा." ती घरी आली. जायला घर होते म्हणून आली. म्हणून हे घर कोणीही विकू नये, गहाण टाकू नये.

२. माझी डुंगी होडी, इंजिनसकट, मिरियमला. मी जिथे कामाला होतो त्या हॅवलॉक बेटावरच्या केंद्राने मला दिलेली 'उत्कृष्ट कर्मचारी' ही पाटी सध्या कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून आहे. तिथेच राहू द्यावी, कामी येते.

३. त्या केंद्राचे मालक रणदीप बक्षी यांना काहीही नाही. ते पुष्पचक्र घेऊन आले तर फाटकातच घेऊन शेळ्यांना घालावे. कारण पुढीलप्रमाणे.

ज्या दिवशी कान गेला, त्या सकाळी माझे नाक चोंदलेले होते. नाक दाबून कितीही जोर केला तरी कानात हवा जाईना. मी म्हणालो, "साहेब, आज नको. कान उघडत नाहीयेत."

"अरे, पाहुणे दिल्लीहून आलेत. एक गोळी घे आणि उतर. तुम्ही कारेन म्हणजे मासे. माशांना कुठं कान असतात?"

नावेवरचे सगळे हसले. गोळीने नाक सुटले आणि मी उतरलो. खाली गोळीचा असर संपला. आता वर येताना कानातली हवा बाहेर पडेना. हातभर वर सरकलो की डाव्या कानात सुरी फिरायची. अशा वेळी थोडे खाली जायचे, थांबायचे, मग हळूहळू वर यायचे. पण माझ्याबरोबरचा पाहुणा घाबरला. त्याने तोंडातली नळी काढून फेकली. माझी जादा नळी मी त्याच्या तोंडात कोंबली, त्याचा पट्टा धरला आणि वर निघालो. कानात काहीतरी फुटले, ते मी ऐकले. डाव्या कानाने ऐकलेले ते शेवटचे. समुद्र गरगर फिरू लागला. वर कुठे, खाली कुठे, कळेना. बुडबुडे जिकडे जात होते तिकडे गेलो.

पाहुणा वाचला. मी नावेत ओकत पडलो होतो, उभे राहता येत नव्हते. आजारी माणसाला पाण्यात ढकलले हे बाहेर गेले असते तर बक्षींचा परवाना गेला असता. ते माझ्यासमोर पाहुण्याला म्हणाले, "याची रात्रीची उतरली नसेल." हेच त्यांनी नंतर जेटीवर सांगितले, आणि जेटीवरून ते बोलणे माझ्याआधी गावात पोचले.

पोर्ट ब्लेअरच्या डॉक्टरांनी सांगितले, आतला कान फाटला आहे, परत यायचा नाही. उजवा आधीच अर्धा गेला होता, इतकी वर्षे सर्दीत, घाईत, दिवसातून चारचारदा उतरून. त्यात रात्रंदिवस शिट्टी वाजते.

४. थोरला भाऊ सॉ गिडियन, आमच्या चर्चच्या पंचमंडळातला वडील, याला मालमत्तेतले काही नाही. मी झोकांड्या खात प्रार्थनेला आलो तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगितले, "झिंगून येणारा माणूस गाणाऱ्यांत उभा राहणार नाही." मिसरूड फुटल्यापासून मी तिथे खालच्या पट्टीत गात होतो.

हेसेल उठून म्हणाली, "कान फुटलाय त्याचा!"

"हेसेल, खाली बस."

ती बसली नाही. माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. त्यानंतर तीही कधी गायली नाही. गावाने माझा आवाज घालवला याचे मला फारसे दुःख नाही. तिचा घालवला, तो मी माफ करणार नाही.

यंदा गिडियनचा धाकटा मुलगा त्याच केंद्रावरून भिंती धरत घरी आला. तोंडाला वास नव्हता. तेव्हा गिडियन आमच्या स्वयंपाकघरात आला.

"एबेन, चुकलो मी."

"ऐकू येत नाही."

"चुकलो म्हणतोय!"

"अजून मोठ्यानं."

"अरे, अख्ख्या गावाला ऐकू जाईल!"

"जाऊ दे. मला काढलंस ते काय चुलीपाशी काढलंस?"

म्हणून असे ठरवले आहे : गिडियनने या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हावे. वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेही बरेच झाले. दफन झाल्यावर चर्चमध्ये, प्रार्थनेआधी, त्यानेच हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे. पुटपुटू नये.

५. बँकेत जे शिल्लक असेल ते गावातल्या डायव्हर मुलामुलींच्या कानांच्या तपासणीला. दर हंगामाआधी कानाचा डॉक्टर गावात आणावा. ज्याला सर्दी आहे त्याला उतरवू नये, मग पाहुणा दिल्लीचा असो की स्वर्गातला. व्यवहार मिरियमने पाहावा. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक.

६. माझ्या शवपेटीपाशी हेसेलला गावेसे वाटले तर गावे. नसेल वाटत तर तिला कोणी आग्रह करू नये, आणि तिच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करू नये. 'याला आता शांती लाभो' असे म्हणण्याची गरज नाही. शिट्टी थांबेल, तेवढी पुरे.

वरील सर्व वाचून, समजून, सही केली.

सॉ एबेनेझर
मायाबंदर, ३ मार्च २०२२

साक्षीदार :

१. थ्रा सॅमसन, पाळक. एबेनेझर यांनी माझ्यासमोर सही केली.

२. सॉ गिडियन. सही माझ्यासमोर झाली. कलम चार खरे आहे. त्या दिवशी तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी वास घेऊन पाहिला नाही. हे मोठ्याने वाचेन.