साखळीच्या शेपटीवरचा ऑक्सिजन

देवपूर, धुळे
दि. २ जून १९९८

तीर्थरूप जीवरामआबा यांच्या पायांवर ठेवण्यासाठी पुतण्या भाईदास आपले डोके टपालाने रवाना करत आहे, ते पोहोचताच ठेवून घ्यावे. आपला गुडघा कसा आहे? वैद्याचे तेल चालू आहे की पुन्हा बस ड्रायव्हरने सांगितलेले ग्रीस सुरू केले? उन्हाच्या झळांनी केळीची पाने फाटली असतील, पण घड धरले असतील अशी आशा आहे. चिरंजीव सुपडू ट्रॅक्टर चालवतो की अजून ट्रॅक्टरच सुपडूला नेतो, तेही कळवावे. इकडे बाळ दूध पिऊन झोपते, लता ठीक आहे आणि मी नरडाण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून जसा होतो तसाच आहे. पत्र ओसरीवर मोठ्याने वाचू नये ही विनंती. काकू आत असतील तर मुळीच वाचू नये.

काकू होळीला इकडे आल्या आणि लताचे बाळंतपण उरकून आखाजीच्या सणाआधी रावेरला परतल्या, त्या काळातली ही हकीकत आहे. आमचा माल आपल्याला ठाऊक आहेच: पांढरे, मेणासारखे पॉलिमर, औषधवाले त्याचे मलम करतात. (आपण मागच्या खेपेला ते गुडघ्याला लावून पाहिले होते. ते तसेच लावायचे नसते.) पॉलिमर म्हणजे साखळी. एकसारख्या कड्या एकीत एक अडकवत न्यायच्या. मधल्या कड्या सगळ्या सारख्या, त्यांना कोणी विचारत नाही. मालाची खरी ओळख दोन टोकांवर असते. आपल्याकडे सोयरीक करताना आडनाव आणि गाव विचारतात, मधला माणूस कसा आहे हे लग्नानंतर कळते, तसेच हे. साखळ्या तयार होत असताना भांड्यात हवा शिरली तर टोकांना ऑक्सिजन चिकटतो आणि माल बिघडतो. म्हणून वरून नायट्रोजन सोडून ठेवतात आणि दिवसपाळीत त्या नायट्रोजनच्या कॉकवर नजर ठेवायला लोटन नावाचा माणूस बसतो. काही होऊ न देणे हेच लोटनचे काम. अशा कामाचे कौतुक होत नाही, कारण दाखवण्यासारखे काही घडलेलेच नसते.

तर मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला की, मालाची टोके तपासून पाठवा, मगच घेऊ. आता टोक म्हणजे काही भेंडीचे देठ नव्हे की मोडून पाहिले. त्यासाठी पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत लेझरचे मशीन आले आहे. मालाचा थेंब कसल्याशा आम्लात कालवून पत्र्यावर वाळवतात आणि त्यावर लेझरचा झोत मारतात. साखळ्या न तुटता अख्ख्या उडतात आणि एका लांब नळीतून धावत सुटतात. हलकी आधी पोहोचते, जड मागून येते आणि वेळेवरून मशीन एकेकीचे वजन सांगते. त्या वजनातून कड्यांचे वजन वजा करत गेले की शेवटी जी बाकी उरते ती टोकांची. (त्याच मशीनवर तिथल्या एक मॅडम दुधातल्या प्रोटीनचे शेपूट तपासतात. आपण आयुष्यभर दूध काढले, पण शेपूट म्हटले की म्हशीचेच डोळ्यांपुढे येते.) एक मात्र आहे, साखळी नुसती उडत नाही. तिला सोबत एक सोडियमचा कण लागतो, मिठातला असतो तोच. तो पाठीवर बसला की विजेच्या ओढीने ती धावते. प्रवाशाला पिशवीसकट काट्यावर उभे करावे तसे मशीन दोघांचे मिळून वजन करते आणि पिशवीचे वजन ठाऊक असल्यामुळे ते सोडून देतात.

प्रयोगशाळेने नमुन्यासाठी छोट्या काचेच्या बाटल्या पोस्टाने पाठवल्या, धुऊन, भट्टीत सुकवून, कापसात गुंडाळून. त्यातल्या दोन मी लताला दाखवायला घरी आणल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीत माल भरून पुण्याला रवाना केला. मला त्यात काही वावगे दिसले नाही. बाटली जरा जास्तच चमकत होती, पण पुण्याची वस्तू चमकायचीच असे मी समजलो.

उत्तर आले ते जाडजूड लिफाफ्यातून. कागदावर उंचच उंच रेघांचे चित्र, कंगव्याच्या दातांसारखे, आणि खाली शेरा: प्रत्येक साखळी सोळाने जड. ऑक्सिजनचे वजन सोळा. म्हणजे टोकावर ऑक्सिजन, म्हणजे भांड्यात हवा, म्हणजे नायट्रोजन बंद पडला, म्हणजे कॉकवरचा माणूस झोपला होता. चार 'म्हणजे' ओलांडून मशीन पुण्याहून थेट लोटनपर्यंत येऊन पोहोचले. कारखान्याच्या शेठने आधी त्या चित्राला फ्रेम केली (लेझरचा कागद अख्ख्या खानदेशात पहिलाच, असे त्यांचे म्हणणे) आणि ती गणपतीशेजारी टांगून मग लोटनला घरी बसवले. दोन दिवसांनी त्या फ्रेमला हारही दिसला.

मला वाटले लोटन भांडेल. आपला खानदेशी माणूस बसमधल्या जागेसाठीसुद्धा तहसीलदारापर्यंत जातो. पण लोटन सकाळी माझ्या दाराशी आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "मशीन म्हनस तर मी झोपेल व्हसू, साहेब. मशीननी मन्हासंगे काय दुश्मनी शे?" मी म्हटले, अरे, तुला आठवत नाही का, झोपलास की नाही? तर म्हणाला, जागा होतो असेच आठवते, पण झोपलेल्या माणसाला ते तरी कसे आठवणार? तो रोज येऊ लागला. कामाच्या वेळेलाच निघायचा, डबा बरोबर घेऊन, कारण घरी बायकोला, ताईबाईला, त्याने काही सांगितले नव्हते. दुपारी आमच्या लिंबाखाली डबा खायचा आणि पाळी सुटायच्या वेळी परत जायचा. चौकशी व्हायची होती आणि ती होण्याआधीच त्याने स्वतःला दोषी धरून टाकले होते. आबा, खरे सांगतो, मला त्याच्याकडे बघवत नसे. मी मागच्या दाराने कामावर जाऊ लागलो.

शेवटी न राहवून त्याच मालाचा दुसरा नमुना मी पुण्याला पाठवला, कारखान्यातच राहिलेल्या एका बाटलीतून. परवा मॅडमचा फोन आला. दुसरा नमुना स्वच्छ, टोके जशी हवीत तशी. आणि पहिल्यातही ऑक्सिजन नव्हताच. त्या साखळ्यांच्या पाठीवर सोडियमऐवजी पोटॅशियम बसले होते आणि ते सोडियमपेक्षा नेमके सोळाने जड. पिशवी बदलली आणि आम्ही माणूस जाडा झाला असे समजलो. मॅडमनी विचारले, तुमच्याकडे एवढे पोटॅशियम आले कुठून? मी म्हटले, बघतो.

घरी येऊन पाणी प्यायला ओट्याशी गेलो, तर समोर काकूंचा डबा. धुळ्याच्या भांडी घासायच्या पावडरीवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून केळीची खुंटे जाळून केलेली राख त्या रावेरहून डबा भरून घेऊन आल्या होत्या आणि जाताना लतासाठी उरलेली ठेवून गेल्या. केळीच्या राखेत पोटॅशियम किती असते हे मी बी.एस्सी.ला पाठ करून उत्तीर्ण झालो आहे. लताला विचारले. ती म्हणाली, हो, त्या बारक्या बाटल्या काकूंनीच घासल्या, घरात बाळंतीण, आणि वस्तू पोस्टातून आलेली. काकूंचे शब्द असे होते म्हणे: "कोनाकोनाचे हात लागले असतीन, मायबाई!" नुसत्या घासल्या नाहीत, काडीला चिंधी गुंडाळून आतून घासल्या. काडीला चिंधी गुंडाळून आतून बाटली घासणारी बाई महाराष्ट्रात दुसरी नसेल, आणि मला अभिमान वाटावा की रडू यावे हे ठरत नव्हते.

असो. हे सगळे केवळ गंमत म्हणून कळवले. आपल्याकडे मागणे काही नाही. काकूंना नमस्कार, सुपडूला आशीर्वाद, ट्रॅक्टरला सांभाळून राहायला सांगणे.

आपला आज्ञाधारक,
भाईदास

ता. क. मागणे एक आहे. शेठला मी सगळे समजावले. त्यांनी ऐकून घेतले, पण भिंतीवरची फ्रेम उतरवायला ते तयार नाहीत. मशीन चुकले नाही, माणूस चुकला, तर तो माणूस कोण ते लिहून आणा, म्हणाले. दोषी ठरवलेला माणूस उठवायचा तर त्या जागी दुसरा बसवावा लागतो, असा कारखान्याचा रिवाज. तेव्हा काकूंच्या अंगठ्याचा एक कागद हवा: 'सदर बाटली मी घासली व ती घासल्यामुळे अस्वच्छ झाली.' काकूंच्या भांड्यात बघून गावातल्या बाया आपले कुंकू नीट करतात हे मला माहीत आहे. त्यांचे भांडे अस्वच्छ होते असे त्यांच्याकडून कबूल करून घेणे हे काम आपणच करू शकाल. आपण नवरा आहात. सोमवारी चौकशी आहे.

ता. क. दुसरे. पत्र खिशातच राहिले, आज शनिवार. विचार केला, आबांनी एवढ्या वर्षांत काकूंची कुठली चूक काढली आहे? एकही आठवेना. शिवाय बाटल्या ओट्यावर ठेवल्या कोणी? चूल आणि ओटा बघून केमिस्टला कळायला हवे होते. तेव्हा सोमवारची वाट न पाहता मीच कागद लिहिला की, बाटलीची जबाबदारी माझी, घासली गेली ती माझ्या घरात. खाली सही केली. शेठने तो वाचला, हार थोडा सरळ केला आणि लोटनला बोलावणे पाठवले. सांगायला मी स्वतः गेलो. लोटन डबा उघडून लिंबाखाली बसला होता. सगळे ऐकून घेतले, घास खाली ठेवला आणि मला म्हणाला, "मंग मी जागा व्हतू?" जागाच होतास, म्हटले. त्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले. मग त्याने उपरण्यात तोंड घातले ते बराच वेळ काढले नाही. आता तो पाळीवर आहे आणि सोमवारची चौकशी माझी आहे.

ता. क. शेवटचे. काकूंना यातले अवाक्षर सांगू नये. रावेरला केळी ट्रकमध्ये भरण्याच्या ठिकाणी एखादी जागा असल्यास मात्र ताबडतोब कळवावे. एम.एस्सी. झालो आहे हे तिथे सांगायची गरज नाही.