उतारावरचे काजू

गुरुवार, १६ एप्रिल. रोहा

माझी बायको सुमन वारली, त्याला आज दोन महिने झाले. सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद मोबाईलवरून करायला उतारावरच्या जमिनीत गेलो होतो. दरवर्षीच्या सवयीने तिथे ‘पड’, म्हणजे पडीक, असं लिहीत होतो. शेजारच्या काशीवहिनी मागे उभ्या होत्या.

“पड कशाला लिवता, भावोजी? काजू दिसत नाय काय? का मन अजून डोलवीच्या शिफ्टवरच हाय?”

खरं आहे. मी डोलवीच्या कंपनीत कामाला असताना सुमनने ही कलमं लावली. खडकावर काय येणार, एवढंच मी म्हणालो होतो. प्रत्येक कलमाजवळ तिने बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरलं, पाणी थेंबथेंब मुळाशी झिरपावं म्हणून भोकात चिंधी घातली. उन्हाळाभर ओढ्यावरून पाणी आणून ती मडकी भरायची. एकटी. हात दुखतात का, असं मी कधी विचारलं? आठवत नाही.

आज झाडं मोजली. बेचाळीस. एकही मेलेलं नाही. तिची मडकी अजून गळ्यापर्यंत मातीत आहेत.

‘पड’ काढून ‘काजू’ लिहिलं. इतकी वर्षं तिची बाग माझ्यामुळेच कागदावर नव्हती. खातेदार म्हणून नाव माझंच आहे. मी तिथलं एक मडकंही कधी भरलं नाही.