शनिवारी बारापर्यंत

४ जून, मंगळवार
रिपोर्ट आला. दहा लाखांत एखाद्यालाच होतो असा कॅन्सर. शाळेत मी पहिल्या दहांतसुद्धा कधी नव्हतो. घाबरलो नाही, फक्त डॉक्टरांचं निम्मं बोलणं ऐकू आलं नाही. लक्षात राहिलं ते असं : सोमवारी सकाळी आठला पहिली केमो. त्याआधी वीर्याचा नमुना लॅबमध्ये गोठवून ठेवायचा, कारण नंतर मूल होईलच याची खात्री नाही. लॅब शनिवारी बारापर्यंत. हाताशी चार दिवस. डेपोतल्या दोनशे बसचं वेळापत्रक मी बसवतो, हे तर किरकोळ.

५ जून, बुधवार
ठरलं. आज होणाऱ्या बायकोला सगळं सांगायचं, उद्या लॅब. संध्याकाळी फोन केला. तिला सर्दी झालीय. आजारी माणसाला कशाला त्रास?

६ जून, गुरुवार, दुपारी ३
लॅबमध्ये गेलो. काउंटरवर शाळेतल्या मित्राची मोठी बहीण! इकडे कसा, तिने विचारलं. पत्ता चुकलो म्हणालो. बिचारी बाहेर येऊन मला बस स्टॉप दाखवून गेली. मला! उद्या काउंटरवर दुसरं कुणीतरी असेल.

७ जून, शुक्रवार
होणाऱ्या बायकोबरोबर बुक केलेला फ्लॅट बघितला. शिंकत शिंकत तिने लहान खोली पावलांनी मोजली. पाळणा मावेल म्हणाली. स्टोअर रूमही होईल, मी म्हटलं. तिने असं बघितलं की मी नळ उघडून पाणी येतं का बघायला लागलो. सोमवारी रजा का, विचारलं. ऑडिट आहे म्हणालो. ऑडिटला रजा कोण घेतं, म्हणाली. या गडबडीत लॅब राहिली. उद्या नक्की.

८ जून, शनिवार, दुपारी १
बारापर्यंत म्हणजे साडेबारापर्यंत. वेळ सांगणारा थोडी हातची राखतोच. मी स्वतः ड्रायव्हरांना दहा मिनिटं आधीची वेळ देतो, तेव्हा कुठे बस वेळेवर हलते. सावकाश शर्टाला इस्त्री केली, बारा वीसला पोचलो. शटर अर्धं खाली. नमुन्यावर दोन तास काम असतं, म्हणून बारा, असं टेक्निशियन म्हणाला. त्याचे बारा खरंच बारा होते. आता थेट मंगळवारी उघडणार. हरकत नाही, केमो एक दिवस पुढे ढकलू.

९ जून, रविवार
डॉक्टरांना फोन. गाठ श्वासनळीकडे सरकतेय, एक दिवसही थांबता येणार नाही, म्हणाले. हे मंगळवारीच सांगितलं होतं म्हणे. ऐकू न आलेल्या निम्म्यात असणार.

१० जून, सोमवार, सकाळी ८.१०
सलाईन सुरू. नर्सने फॉर्म भरताना विचारलं, नमुना ठेवला का? नाही म्हणालो. तिने पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

८.२५
होणाऱ्या बायकोचा मेसेज : लहान खोलीला कोणता रंग सांगू? 'पिवळा' लिहिलं. खोडलं. वॉर्डचा पत्ता पाठवला, ये म्हटलं. किती वाजता, तिने विचारलं. आत्ता, लिहिलं. दहा मिनिटं आधीची वेळ नाही दिली.

निघाले, म्हणाली. वीस मिनिटांत पोचेल. मंगळवारपासून आज पहिल्यांदाच भीती वाटतेय.