सक्तेचा फेस

१२ मे
मेलितोननं माळावरची सक्ता मुळासकट उपटून टाकली. यंत्र लावून. काटेरी झुडपं, पांढऱ्या फुलांनी लगडलेली; मुळं कुटली की साबणासारखा फेस. गावातल्या सगळ्या बाया लोकर धुवायला तिथलीच मुळं खणून आणायच्या. आता तिथं ह्याचं ट्राउट माशांचं तळं. "वहिनी, दुकानात धुण्याची पावडर मिळते की," म्हणाला. सख्खा दीर माझा.

१९ मे
आई मुळांसाठी वरच्या कड्यावर गेली. बहात्तर वर्षांची. पाय घसरला.

२१ मे
आईला पुरलं. मेलितोन मक्याची दारू घेऊन आला, रडला पण. वर म्हणतो, "म्हातारीला कुणी सांगितलं होतं कड्यावर चढायला?" माझ्या हातात फावडं होतं. खाली ठेवलं. इतक्या स्वस्तात नाही सोडायचा.

२ जून
लहानपणी आई ओरडायची — फेसाचं पाणी ओढ्यात ओतू नकोस, मासे मरतात. आज आठवलं. दिवसभर तेच डोक्यात.

६ जून
त्याच कड्यावर गेले. दोन पोती मुळं आणली. हात काट्यांनी सोलले. आई जिथं पडली तिथं बसून भाकरतुकडा खाल्ला. रडू आलं नाही.

९ जून
अख्खं गाव लग्नाला गेलेलं. भर दुपारी कुटलेल्या मुळांच्या पाण्याच्या घागरी वाहिल्या — अकरा खेपा. तळं लहानच, पण फेस धरायला वेळ लागला. मग मासे वर आले, तोंडं उघडी टाकून. एकेक करत उलटे झाले. शेवटचा उलटा होईपर्यंत मी हलले नाही.

१० जून
मेलितोन तळ्याकाठी डोकं धरून बसलाय. "पाणीच नासलं," म्हणतो सगळ्यांना. मी म्हटलं, "भावोजी, तळं खणायला कुणी सांगितलं होतं?" त्यानं वर बघितलं. कळलं की नाही, कोण जाणे. मला मात्र झोप छान लागली.

१४ जून
जाऊ आली, बेनिता. मेलितोनची बायको. दार लावून घेतलं तिनं. म्हणाली, "ताई, काठाला फेस वाळला होता. मी पुसून टाकला." पोलिसात जाणार का, मी विचारलं. ती बसली, ओढणी बाजूला केली. मानेवर बोटांचे वळ, हिरवेनिळे. "खाली नदीजवळ त्याचं दुसरं तळं आहे," म्हणाली. "दुसरी बाई ठेवलीय त्यानं, तिथंच. तळं मोठं आहे. दोन पोत्यांत भागायचं नाही."

१६ जून
मुळं दोघींनी कुटली. बेनिता माझ्यापेक्षा जोरात कुटते.