पासष्टीच्या गटातली गेडी

२४ जुलै, गुरुवार
जिवती. नलूने भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला, कणकेचे दिवे केले. दोन दिवे गुळासोबत खाऊन सकाळच्या गाडीने गावी गेलो. वणीहून राजूरमार्गे तासभर लागतो. कोळशाच्या ट्रकांमागे अडकलो तर दीड.

नामाभाऊने, माझ्या लहानपणच्या सोबत्याने, बांबू तोडून ठेवलेच होते. टिचकी मारून ऐकतो आणि मग ठरवतो, कोणता गेडीचा, वर चढून चालायचा, आणि कोणता कुंपणाचा. पाय ठेवायची खुंटी सुतळीने बांधली, जमिनीपासून फक्त वीतभर वर. लहानपणी ती कमरेएवढी उंच असायची. मी म्हटलं, एवढी खाली? म्हणाला, "वीतभर पुरे. पडला त वीतभरच पडशीन."

अंगणात चढलो. चार पावलं टाकली, पाचव्याला गोठ्याच्या भिंतीला मिठी मारली. त्याची सून पदर तोंडाला लावून हसत होती. हसू दे. चाळीस वर्षं लोकांच्या शेतांच्या मोजण्या केल्या, साखळी ओढत बांधाधुऱ्यांवरून फिरलो. या पायांना पूर्वी एवढं कुणी हसलं नव्हतं.

२५ जुलै
पोटऱ्या दगड. उठताना पलंगाचा आधार घेतला. नलू म्हणाली, "निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात, तुम्ही बांबूवर चढता."

३० जुलै
घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर सराव, स. ६ ते ६।।. शेजारच्या कुत्र्याला गेडी पटत नाही. वीस पावलं न पडता.

अंगठ्याने बांबू धरायचा असतो, हे डोकं विसरलं होतं. अंगठा विसरला नव्हता. आपसूक वळला. डोळे भरून आले. असं काहीही झालं की भरून येतात हल्ली.

३ ऑगस्ट, रविवार
गेडीच्या शर्यतीचा फॉर्म भरायला गावच्या शाळेत गेलो. शर्यत भरवणाऱ्या मंडळाचं सगळं काम पल्लवी मॅडम बघतात. तिथेच शिकवतात. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ही शर्यत त्यांनीच पुन्हा सुरू केली. गट तीन: पन्नासच्या आतले, पन्नास ते पासष्ट, पासष्टीच्या वरचे. वरच्या गटात नामाभाऊ आणि तुकाराम शिंपी, दोघंच होते. तीन नावं नसतील तर गट रद्द, असा नियम. मला पाहून मॅडम खूश झाल्या. आधार कार्ड बघून लिहिलं: ६६.

आता जे लिहितो ते इथेच राहू दे. मी चौसष्टचा आहे.

शाळेत घातलं तेव्हा मी चार वर्षांचा. गुरुजींची परीक्षा एकच, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं. माझे हात आधीपासून लांब. कान हाताला लागला. गुरुजींनी लिहिलं सहा, तारीख १ जुलै. आमच्या वर्गातले निम्मे १ जुलैचेच. बाबांनीही हरकत घेतली नाही, पोरगं घरातून गेलं म्हणून बरंच वाटलं असेल. त्या कानापायी नोकरीतून दोन वर्षं आधी घरी बसलो. नलू अजून त्या गुरुजींचं नाव काढते.

खरं वय सांगितलं असतं तर पन्नास-पासष्टच्या गटात, पन्नाशीच्या शेतकऱ्यांबरोबर. तिथे माझा काय पाड. आणि नामाभाऊ पासष्टीच्या गटात. खरं कारण तेच. आयुष्यात एकदा त्याच्या पुढे जायचं आहे. फॉर्मवर सही केली तेव्हा तो बाजूलाच उभा होता. एकाहत्तरचा आहे तो. कान धरला त्या दिवशी शाळेत होता, माझं वय त्याला पक्कं माहीत आहे. तरी पेन त्यानेच पुढे केलं होतं.

९ ऑगस्ट, शनिवार
गावी. दोघांनी मिळून सराव केला. नामाभाऊचा डावा गुडघा वाजतो, चालताना ऐकू येतो. तरी गेडीवर चढला की वेगळाच माणूस. चिखलात उतरण्याआधी मला म्हणाला, "चिखलात उभं राह्यचं नाही. उभा राह्यला का बुडाला." लहानपणीही हेच सांगायचा. तेव्हा तो बारा-तेराचा, मी पाच-सहाचा. मी कायम त्याच्या मागे, त्याच्या गेडीने उडवलेला चिखल खात.

तुकाराम शिंपी आला नाही. पाय सुजला म्हणे. शर्यतीला येईन म्हणतो.

१२ ऑगस्ट
पाऊस. सराव नाही. दिवसभर शाळेची भिंत डोळ्यासमोर.

जिवती ते पोळा, महिनाभर आम्ही गेडीवरूनच शाळेत जायचो. गावात रस्ता असा नव्हताच, काळी माती. चपलेला चिकटली की चप्पल तिथेच राहायची आणि पोरगं पुढे जायचं. गेडीवर पाय कोरडे राहायचे. शाळेत पोचलो की भिंतीला लावून ठेवायच्या, तीस-पस्तीस जोड्या ओळीने. गुरुजी हजेरी घेण्याआधी भिंतीकडे बघायचे, कोण आलं नाही ते त्यांना तिथेच कळायचं. प्रत्येकाची सुतळीची गाठ वेगळी. माझी नामाभाऊने बांधलेली, तीन पेड आणि वर एक लाल चिंधी. सुतळीवर रॉकेलचे थेंब टाकले की गेडी करकरायची. ज्याची जास्त करकरते तो गावचा राजा. आईला तो आवाज गल्लीच्या टोकापासून ओळखू यायचा आणि ती चुलीवर तवा ठेवायची.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तव्याचं मात्र आजच आठवलं.

२१ ऑगस्ट
मॅडमचा फोन, शर्यतीसाठी चिखल नाही. गावात सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवलेत. शेवटी एकाच्या शेतातून ट्रॅक्टरने काळी माती आणली, शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पसरली आणि वर टँकरने पाणी सोडलं. ज्या चिखलापायी आम्ही गेडीवर चढलो तोच चिखल आता बाहेरून आणावा लागतो. फोन ठेवून एकटाच हसलो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा
नलूसह गावी मुक्काम, नामाभाऊकडे. बैल दोनच जोड्या, बाकी ट्रॅक्टरला हार. पुरणपोळ्या तीन खाल्ल्या. नलूने डोळे वटारले.

२३ ऑगस्ट, शनिवार
जिंकलो.

बोटांना अजून चिखल, अक्षर बघवत नाही. तरी लिहितो.

टेप घेऊन अंतर मोजलं होतं, बावन्न मीटर. तिघंच. तुकाराम तिसऱ्या पावलाला बसला, चिखलातच बसून हसत राहिला. नामाभाऊ पुढे, मी मागे, पाच वर्षांचा असताना होतो तसाच. तोंडावर त्याचा चिखल. टाकी दिसायला लागली आणि त्याची डावी गेडी रुतली. क्षणभर उभा राहिला. मी पाहिलं आणि थांबलो नाही. पुढे गेलो. दोन हात पुढे असेन. एवढा आनंद मला नोकरीत झाला नाही, लग्नात झाला नाही (नलू हे वाचत नाही).

मॅडमनी माईकवर नाव घेतलं, वय वर्षं सहासष्ट. लोक टाळ्या वाजवत राहिले, या वयात बघा म्हणून. शील्ड, दुपट्टा, नारळ. सहासष्ट ऐकलं तेव्हा नारळ हातातून निसटला. नामाभाऊने उचलून दिला.

नंतर सगळ्यांसोबत नाल्यापर्यंत. आजच्या दिवशी मारबतीचा पुतळा बाहेर काढतात, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतात, तिच्यामागे गेड्याही शिवेबाहेर टाकायच्या. परत घरी आणायच्या नसतात. नामाभाऊने आपल्या टाकल्या, मी माझ्या. म्हणाला, "बरा पयाला तू." बास, एवढंच.

२४ ऑगस्ट
वणीला परत. शील्ड टीव्हीजवळ. नलूने पुसलं, फोटो काढून पोरीला पाठवला. पोरीने सतरा बदाम पाठवले.

जेवण गेलं नाही. दोन हात पुढे आणि दोन वर्षं मागे. त्याचं शील्ड माझ्या घरात आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गेलो शाळेत. मॅडमना सगळं सांगितलं, कानापासून. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, मी आधारवरचंच लिहिणार ना. ते खोटं आहे हे कुठल्या कागदावर आहे?" कुठल्याच नाही. चाळीस वर्षं कागद बघून लोकांच्या हद्दी ठरवल्या, स्वतःच्या वयाचा कागद मिळत नाही.

मग त्यांनीच वाट सुचवली. मी अर्ज द्यायचा, आणि गावातल्या कुणी जाणत्याने लिहून द्यायचं की याचं खरं वय एवढं. मंडळ निकाल बदलेल, नामाभाऊ पहिला. गावात तेवढं जाणतं माणूस एकच उरलंय, आणि तो नामाभाऊच. मॅडम वरून म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून तुमचं नाव आपोआप पन्नास-पासष्टमध्ये जाईल. मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. फाटकापाशी लक्षात आलं, पासष्टीच्या गटात मग दोनच नावं. गट रद्द.

३१ ऑगस्ट, रविवार
शील्ड पिशवीत घालून नामाभाऊकडे. अंगणात बसलो. मी सगळं एका दमात बोललो. तो तंबाखू मळत राहिला. मग:

"तुले वाटते तुहा कान लागला?"

मी म्हटलं, लागलाच होता.

"नाय लागला. बोटभर कमी पडला होता. मी मागं उभा होतो. तुहा कोपर मीच ढकलला."

त्यानंतर जे बोलला ते कमी शब्दांत लिहितो. त्याची आई आमच्याकडे धुणीभांडी करायची. मी लहान, रडका. तिला काम उरकता यावं म्हणून मला कडेवर घेऊन बसायला त्याला ठेवायची. पाचवीतलं पोरगं, महिनाभर शाळा बुडवलेली. मी शाळेत गेलो तरच तो शाळेत जाणार होता. म्हणून ढकलला.

माझी नोकरीतली दोन वर्षं आठवली आणि राग आला. खरं सांगायचं तर बराच आला. तो सातवीपर्यंत शिकला, मग सुटलं, तेही आठवलं. राग कुठे ठेवावा कळेना. ओट्यावर बसलेली त्याची सून आत निघून गेली.

मी म्हटलं, मग आता लिहून दे, नामाभाऊ. शील्ड तुझं आहे.

"कायले लिवून देऊ? पुढच्या साली मंग शर्यतीत माह्यासंग कोण पयन? तुकाराम त बसतेच."

शील्ड घेतलं नाही. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर.

२ सप्टेंबर
अर्ज लिहिला. तीन वेळा फाडून चौथा नीट झाला. सही केली. नलू म्हणाली, खरं ते द्यावं. तासाभराने म्हणाली, पण त्याला पळायला मिळू दे. मग स्वतःच वैतागून भाजी निवडायला बसली.

दिला तर या वर्षीचं त्याचं त्याला मिळतं आणि पुढचं जातं. नाही दिला तर उलट. मला खरंखुरं पासष्टीच्या वर जायला अजून दोन पोळे आहेत. तेव्हा तो त्र्याहत्तरचा. गुडघ्याचं काय सांगावं.

मॅडमचा निरोप: जाणत्याचं लिहून नसलं तरी चालेल, रविवारपर्यंत तुमचा अर्ज मिळाला तर निकाल बदलू, नाहीतर यादी शाळेच्या फळ्यावर पक्की लागेल.

४ सप्टेंबर, गुरुवार
नामाभाऊला घेऊन वणीत हाडांच्या डॉक्टरांकडे. गुडघ्यात पाणी झालंय. आज सुई, मग महिनाभर बघू म्हणाले. नामाभाऊने एकच विचारलं, पोळ्यापर्यंत बरा होईन का. डॉक्टर म्हणाले, पोळा तर झाला ना बाबा. हा म्हणाला, पुढचा.

सुईआधी काउंटरवरची मुलगी कागद भरत होती. नाव, वय, एकाहत्तर. मग सोबतच्या माणसाचं नाव. मी सांगितलं. नातं? मी काही म्हणायच्या आत तो बोलला, "भाऊ. लहाना."

"त्यांचं वय?"

माझ्याकडे बघून म्हणाला, "सहासष्ट. लिव माय."

अर्ज शर्टाच्या खिशात होता, घडी घातलेला. मुलीने लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला, सही करा म्हणाली. मी केली.

रविवारला अजून तीन दिवस आहेत.